ट्रे घरात आला आणि शिंका सुरू झाल्या, आता मांजर सोडायचं का?

पत्र:

"ताई, आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरात मी, मिस्टर, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. फेब्रुवारीत मुलाला शाळेच्या वाटेवर मांजराचं पिल्लू सापडलं, तेव्हापासून ते आमच्याकडंच आहे, नाव चिंगी. पावसाळ्यापर्यंत ती मागच्या बोळात मातीत जाऊन यायची, कसला त्रास नव्हता. जुलैत पाऊस लागल्यावर ती बाहेर पडेना म्हणून तिच्या शी-शूसाठी ट्रे आणि त्यात घालायचं लिटर आणलं, ट्रे बाथरूमच्या पॅसेजमधे ठेवलाय. तेव्हापासून मला शिंकांचा सपाटा, डोळे चुरचुरतात, नाक बंद. आधी साधं मातीचं लिटर होतं, वास यायला लागला म्हणून ऑगस्टमधे लव्हेंडरचं आणलं तर आणखीनच वाढलं. मेडिकलमधून गोळी आणि नाकात टाकायचे थेंब आणले, थेंब महिनाभर चालू आहेत, टाकल्याशिवाय झोप लागत नाही. मुलाला पण रात्री खोकला येतो, मधेच छातीतनं शिट्टीसारखा आवाज येतो. चिंगी त्याच्याच वाकळंत झोपते. सासूबाई म्हणतात मांजर कळंबा तलावाकडं सोडून या. मिस्टर शिरोलीला फौंड्रीत मोल्डिंगला आहेत, ते म्हणतात हे लिटर म्हणजे आमच्यातलंच बेंटोनाईट, नाकात गेलं की असं होणारच. मुलगा रडून हैराण आहे. नक्की काय समजायचं?"

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि आधी चिंगीचं नाही, लिटरचंही नाही, तुमच्या पोराच्या छातीतल्या शिट्टीचं बोलते. तुम्ही ते जाता जाता एका ओळीत लिहिलंय पण माझ्या दृष्टीनं अख्ख्या पत्रात सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. शिंका हे नाकाचं दुखणं झालं, शिट्टी वाजते म्हणजे श्वासाच्या नळ्या आवळल्यात आणि त्यातनं हवा कशीबशी जातेय, त्यामुळं लिटर बदलून बघू, आठ दिवस वाट बघू, असलं काही त्याच्या बाबतीत करू नका. ह्याच आठवड्यात लहान मुलांच्या डॉक्टरांकडं न्या, आणि जायच्या आधी रात्री तो आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, कारण दिवसा दवाखान्यात पोरगं एकदम ठणठणीत असतं, डॉक्टरांना काही ऐकू येत नाही आणि मग साधा खोकला म्हणून सिरप घेऊन आपण परत येतो. डॉक्टरांनी श्वासातनं औषध ओढायचा पंप लिहून दिला तर "पंपाची सवय लागते" म्हणणारं घरात नाहीतर शेजारी कुणीतरी निघेलच, त्यांचं ऐकू नका, पंपातलं औषध सरळ फुफ्फुसात जातं म्हणून ते गोळी-सिरपपेक्षा कितीतरी कमी पुरतं आणि त्याची सवय वगैरे लागत नाही. आणि बोलताना वाक्य पुरं होईना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायला लागली किंवा ओठ निळसर दिसले तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री सीपीआर हे सरकारी हॉस्पिटल नाहीतर जवळ जे हॉस्पिटल असेल ते गाठायचं.

तोवर चिंगी त्याच्या अंथरुणात नको. हे आजच्या रात्रीपासून. तिला घराबाहेर काढा म्हणत नाही मी, फक्त त्याच्या खोलीत आणि वाकळंत नको. पोराला नीट बसवून सांगा की तिला सोडायचं नाही म्हणूनच हे करतोय, नऊ वर्षांच्या मुलाला एवढं कळतं, उलट त्याला कामाला लावा, दार बंद ठेवायची जबाबदारी त्याचीच.

दुसरी गोष्ट ते थेंब. बाटलीवर बारीक अक्षरात नाव वाचा, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं लिहिलेलं असेल तर तुमचं बंद नाक आता त्या थेंबांमुळंच बंद राहत असण्याची बरीच शक्यता आहे. नाकातल्या सुजलेल्या रक्तवाहिन्या हे थेंब आकसून टाकतात, पाच मिनिटांत मोकळं वाटतं, पण तीन ते पाच दिवसांच्या वर टाकत गेलं की उलटं होतं, असर उतरला की त्या वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, मग परत थेंब, परत फुगणं, आणि आपल्याला वाटतं मांजराचा त्रास किती वाढलाय बघा. म्हणजे जुलैत ज्यानं सुरुवात केली ते आणि आज तुमचं नाक ज्यानं बंद आहे ते, ही दोन वेगळी कारणं असू शकतात. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा की महिना झाला थेंब चालू आहेत, लाजू नका. बहुतेक ते नाकात मारायचा स्टेरॉईडचा स्प्रे देतील, त्याचा पुरता फरक पडायला काही दिवस जातात त्यामुळं दोन दिवसांत "काही होत नाही" म्हणून सोडू नका. थेंब एकदम बंद करणं जमलं नाही तर आधी एका नाकपुडीचे बंद करायचे, ती मोकळी राहायला लागली की दुसरीचे, बऱ्याच जणांना असं सोपं जातं. आणि सोबत मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, आपली जलनेतीच, फक्त पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाचं थेट नको. गोळीचं एक, सिट्रिझिननं पेंग येते, घेऊन दुचाकी चालवू नका, पेंग न आणणाऱ्या गोळ्या मिळतात, विचारून घ्या.

आता मिस्टरांचं. त्यांनी बरोबर ओळखलंय ओ! बाजारात गोळा होणारं लिटर म्हणून जे मिळतं त्यातलं बहुतेक बेंटोनाईटच असतं, ही चिकणमातीच आहे, पाणी लागलं की फुगते आणि घट्ट धरते, फौंड्रीत ह्याच गुणामुळं ती वाळू बांधायला वापरतात आणि ट्रेमधे ह्याच गुणामुळं शूचा गोळा होतो. आपल्या देशात गुजरातेत कच्छमधे ही माती भरपूर निघते. म्हणजे शिरोलीच्या साच्यातली आणि तुमच्या पॅसेजमधली माती एकाच जातीची असणं अगदी शक्य आहे. ट्रेमधे माती घालायची पद्धत पण तशी अलीकडची, १९४७ साली अमेरिकेत एड लोव नावाच्या माणसानं शेजारणीला मांजरासाठी फुलर्स अर्थ दिली, म्हणजे आपल्या मुलतानी मातीसारखीच माती, त्याआधी ती बाई राख वापरायची. आपल्याकडं चुली होत्या तोवर मांजरं राखेतच जायची की, आणि तेव्हाही राख उपसणारी बाई शिंकतच असणार.

पण मिस्टर म्हणतात त्यात एक दुरुस्ती आहे. माती ही ॲलर्जी करणारी वस्तू नाही. ॲलर्जी म्हणजे शरीर एखाद्या प्रथिनाला शत्रू समजून त्याच्याविरुद्ध अंगात फौज तयार ठेवतं, मातीत तसलं प्रथिन नसतं. माती काय करते तर धुरळा उडतो, तो नाकाच्या आणि डोळ्यांच्या ओल्या कातडीला घासतो, आणि नाक आधीच सुजलेलं असेल तर थोडासा धुरळा पण पुरतो. ह्याला चुरचुर म्हणा, ॲलर्जी नव्हे, त्रास मात्र खराच. ह्या मातीत थोडंफार सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते खनिज, असू शकतं, मोल्डिंगला असल्यामुळं मिस्टरांना सिलिकोसिस हा त्याच्या धुरळ्यानं होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा शब्द माहीत असणार आणि म्हणून ते घाबरले असतील, पण दिवसात दोनदा ट्रे साफ करणं आणि वर्षानुवर्षं आठ-आठ तास वाळूच्या धुरळ्यात उभं राहणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझी काळजी उलट त्यांचीच आहे, ते कामावर मास्क लावतात का, आणि घरी येताना कपड्यांवर काय घेऊन येतात. वाळू, बेंटोनाईट, कोळशाची पूड, हे सगळं शर्टावर बसून तुमच्या घरात येतंय, आणि पावसाळ्यात ते कपडे झटकायला बाहेर जागा नाही म्हणून ते घरातच झटकले जात असतील तर ट्रेला एकट्याला दोष देऊन कसं चालेल. आल्या आल्या कपडे बदलायचे, वेगळ्या बादलीत भिजवायचे, न झटकता.

लव्हेंडरचं आणल्यावर वाढलं म्हणता, ते मला पटतं. सुगंध म्हणजे हवेत उडणारी रसायनंच, सुजलेल्या नाकाला अत्तर, उदबत्ती, फोडणीचा खाट सगळंच टोचतं. आणि तो वास मांजरालाही आवडत नाही, तिचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, काही मांजरं अशा ट्रेवर रुसून पलंगाखाली जाऊन येतात. मुळात ऑगस्टमधे वास का यायला लागला, तर शूमधल्या युरियाचं जंतूंमुळं अमोनिया होतो म्हणून, आणि अमोनिया हा स्वतःच डोळ्यांत चुरचुरणारा, नाकात झोंबणारा वायू आहे. म्हणजे वास आला की औषध लव्हेंडर नाही, गोळे लवकर काढणं आहे. सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि दोन-चार आठवड्यांनी सगळंच्या सगळं टाकून ट्रे धुणं.

इथं एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगते. ट्रे धुताना ब्लिचिंग पावडर किंवा बाटलीतलं ब्लिच वापरू नका, शूच्या अमोनियाशी ते मिसळलं की विषारी वायू होतो, त्यानं छाती भरते, तुमच्या बंद पॅसेजमधे तर नकोच नको. काळं फिनेल पण नको, मांजराला ते बाधतं, पायाला लागतं आणि ती पाय चाटते. साधा भांड्याचा साबण, गरम पाणी, झालं.

आता चिंगीकडं येऊ. लोक म्हणतात केसांची ॲलर्जी, तसं नसतं. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलाच्या ग्रंथींत एक प्रथिन तयार होतं, त्याला फेल डी १ म्हणतात, मांजराची ॲलर्जी असणाऱ्या बहुतेकांना ह्याचाच त्रास होतो. मांजर अंग चाटते, लाळ वाळते, तिची पापुद्र्याहून बारीक पूड होते, ती तासन्तास हवेत तरंगते, भिंतीला, पडद्याला, कपड्याला चिकटते, इतकी की ज्या घरात, ज्या शाळेत मांजर नाही तिथंही ती माणसांच्या कपड्यांवरनं पोचलेली सापडते. आणि मांजर घरातनं गेलं तरी ती पूड चार-सहा महिने घरात राहते. त्यामुळं उद्या चिंगीला सोडून आलात तरी दिवाळीपर्यंत तुमच्या शिंका थांबल्या नाहीत असं होऊ शकतं, आणि तोवर त्या जिवाचं काय झालं असेल.

मग फेब्रुवारी ते जुलै काही झालं नाही, म्हणजे चिंगी सुटली का? मलाही पहिल्यांदा वाचताना तसंच वाटलं, पण नाही. ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नसते, शरीराला त्या प्रथिनाची ओळख व्हायलाच काही महिने, कधी वर्षं जातात. शिवाय उन्हाळ्यात चिंगी अर्धा दिवस बाहेर आणि तुमच्या खिडक्या उघड्या, जुलैपासनं ती चोवीस तास घरात आणि खिडक्या बंद. आणि तिसरा भिडू विसरायचा नाही, तो म्हणजे आपला कोल्हापुरी पावसाळा. महिना महिना ऊन नाही, भिंतीला ओल, कपाटामागं बुरशी, गाद्या आणि वाकळा दमट, त्यात धुळीतले माइट जोमात वाढतात, डोळ्यांना न दिसणारे किडे, आपल्या अंगाच्या कोंड्यावर जगतात, आणि ज्यांना घरातल्या धुळीची ॲलर्जी असते त्यातल्या बऱ्याच जणांना ती ह्यांचीच असते. जुनी वाकळ म्हणजे तर त्यांची वसाहतच. पोराचा रात्रीचा खोकला चिंगीमुळं की वाकळंमुळं हे मी इथं बसून सांगू शकत नाही, दोघी एकाच अंथरुणात आहेत.

म्हणून मला जे मनापासून सांगायचंय ते हे, की तुमच्या घरात एकच आरोपी आहे असं धरून चालू नका. तुमचा त्रास आणि मुलाचा त्रास दोन वेगळ्या गोष्टींचा असू शकतो, तुम्ही ट्रे उपसता तो उपसत नाही, तो चिंगीला घेऊन झोपतो तुम्ही झोपत नाही.

माझ्याकडनं ही चूक झालीय म्हणून एवढं सांगते. आमच्याकडं एक बोका होता, पांढरा-पिवळा, ट्रेमधे मी वखारीतला लाकडाचा भुसा घालायची, पोतं स्वस्तात मिळायचं. वर्षभरात माझे डोळे लाल, शिंका, नाकातनं पाणी, सगळ्यांनी बोक्याचं नाव घेतलं आणि मी पण घेतलं. त्याला गडहिंग्लजला बहिणीकडं पाठवला. नंतर तीन महिने शिंका थोड्या कमी झाल्या, म्हटलं बरोबर होतं. मग पावसाळ्यात बोळ चिखलानं निसरडा झाला म्हणून जिन्याखालचं तेच उरलेलं पोतं काढून भुसा पसरायला घेतला आणि दोन मिनिटांत माझे डोळे सुजले, धाप लागली, घरात मांजर नाही, बोळात मांजर नाही. लाकडाच्या बारीक भुश्याचा त्रास होता मला. तोवर बोका तिकडं रमला होता, बहिणीच्या पोरांच्या अंगावर झोपायचा, त्याला परत उचलून आणणं म्हणजे त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय, म्हणून आणला नाही. एक पोतं आठ दिवस घराबाहेर ठेवून बघितलं असतं तर कळलं असतं. ते अजून मनात आहे.

तर बघायचं कसं. एक वही करा. शिंका कधी आल्या, त्याच्या अर्ध्या तासात तुम्ही काय करत होता, एवढंच लिहायचं. ट्रे उपसताना पाच मिनिटांत सुरू होतात आणि तिथनं लांब गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात थांबतात, असं असेल तर धुरळ्याकडं बोट जातं. चिंगीला मांडीवर घेऊन टीव्ही बघताना नाक-डोळे-टाळू खाजायला लागले, तिनं चाटलेल्या जागी हातावर गांधी उठल्या, तर प्रथिनाकडं. सकाळी अंथरुणातनं उठतानाच दहा शिंका, तर अंथरूण बघायचं. खाज आणि चुरचुर ह्यात फरक करा, ॲलर्जीत खाज फार असते, धुरळ्यानं आणि वासानं झोंबतं, आग होते. तुम्ही चुरचुरतात लिहिलंय, खाजतात नाही, हे मला बोलकं वाटलं.

अजून एक, हे मला फार उपयोगी वाटतं. लिटरचं नवीन सीलबंद पाकीट फोडून ओतताना तुम्हाला काय होतं? सीलबंद पाकिटात मांजर नसतं. तेव्हाच शिंका आल्या तर ते लिटरचं, मातीचं नाहीतर वासाचं. नवीन ओतताना काही होत नाही पण वापरलेला ट्रे उपसताना होतं, तर त्यात चिंगीची लाळ, केस, शू सगळं मिसळलेलं आहे, मग तिच्या प्रथिनाचा किंवा अमोनियाचा संशय घ्यायचा. आणि चिंगीकडं पण लक्ष द्या, ट्रेमधनं बाहेर येताना ती शिंकते का, तिचं नाक तर मातीच्या सगळ्यात जवळ. ती स्वतःच्या प्रथिनाला शिंकणार नाही, धुरळ्याला शिंकेल. सारखीच शिंकत असेल, डोळ्यांतनं घाण येत असेल तर मात्र मांजरांना सर्दी असते ती, तिला प्राण्यांच्या डॉक्टरांकडं न्यावं लागेल.

एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बदललं तर बरं वाटेल पण कशानं ते कळणार नाही आणि पुढच्या पावसात परत हेच. पहिले दोन आठवडे लिटर बदला आणि ट्रेचं काम दुसऱ्या कुणाकडं द्या. मिस्टरांना जमेल, त्यांना धुरळ्याची जाण आहे, आणि मास्क एन-९५ लावूनच. ते करताना तुम्ही आणि मुलगा दुसऱ्या खोलीत, पुढचा अर्धा तास तिकडं फिरकायचं नाही. त्याच्या पुढचे दोन आठवडे अंथरुणाचे, तुमच्या वाकळा, उशीचे अभ्रे चांगल्या कडक पाण्यात, साठ डिग्रीच्या आसपास, धुवून घ्या, ऊन पडलं की गाद्या गच्चीवर. हे तुमच्यापुरतं हं, मुलाची वाकळ आजच धुवा आणि त्याच्या बाबतीत जे काय करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यानं.

लिटर कुठलं घ्यायचं. बिनवासाचं, एवढं पक्कं. कमी धुरळ्याचं असं पाकिटावर लिहिलेलं असतं पण विश्वास स्वतःच्या डोळ्यांवर ठेवा, मूठभर लिटर खिडकीतल्या उन्हाच्या तिरिपेत वरनं सोडा, ढग उठला की कळेल. कागदाच्या गोळ्यांचं लिटर मिळालं तर धुरळा फारच कमी असतो, नाही मिळालं तर ह्या दोन आठवड्यांच्या चाचणीपुरती रद्दी बारीक फाडून घातली तरी चालते, रोज बदलावी लागेल आणि चिंगी एखादा दिवस तोंड वाकडं करेल. बांधकामाची जाडी वाळू धुवून वापरणारे आपल्याकडं बरेच आहेत, धुतलेली असेल तर धुरळा कमी, पण वास धरते, सारखी बदलायला लागते. लाकडाच्या भुश्याबद्दल माझं मत तुम्हाला कळलंच.

हल्ली तोफूचं लिटर फार चालतं आणि सगळे सांगतात नैसर्गिक आहे, धुरळा नाही, बिनधास्त घ्या. धुरळा कमी असतो हे खरं. पण तोफू म्हणजे सोयाबीनचा चोथा, बऱ्याचदा त्यात मका किंवा वाटाण्याचा स्टार्च आणि चिकटपणाला गवारीच्या बियांचा गोंद, ज्याला गवार गम म्हणतात. मातीत प्रथिन नव्हतं, ह्यात आहे! आपल्या जिल्ह्यात सोयाबीनच्या मळणीला ज्यांनी मशीनपाशी उभं राहून काम केलंय त्यांना विचारा नाक आणि अंग कसं होतं. स्पेनमधे बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ च्या दरम्यान मधेच एखाद्या दिवशी दम्याचे पेशंट एकदम ढिगानं दवाखान्यात यायचे, कुणाला कारण कळेना, शेवटी उघड झालं की ज्या दिवशी बंदरावर सोयाबीन उतरवायचे त्या दिवशी हे व्हायचं, सोयाबीनच्या टरफलांचा धुरळा गोदामातनं शहरावर पसरत होता, आणि गोदामाला फिल्टर बसवल्यावर ते थांबलं. आता एक ट्रे म्हणजे बंदर नव्हे, तोफूचं लिटर हजारो घरांत बिनत्रासाचं चालतं, पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं नाही आणि सोयाबीन खाताना काही होत नाही म्हणून श्वासातनं गेल्यावर होणार नाही असंही नाही. मुलाच्या छातीत शिट्टी वाजत असताना मी तरी पहिला प्रयोग तोफूचा करणार नाही, कागदाचा करेन.

ओतताना पिशवीचं तोंड ट्रेच्या तळाला टेकवून हळू सोडायचं, वरनं धो धो नाही. उपसताना स्कूप हळू हलवायचा, चाळणीसारखा झटकायचा नाही. खाली सांडलेलं केरसुणीनं झाडलं की तोच धुरळा परत हवेत, ओल्या फडक्यानं पुसा. ट्रे पॅसेजमधनं गॅलरीत हलवता आला, पावसाचं पाणी लागणार नाही असा आडोसा करून, तर उत्तम, पंख्याखाली तर नकोच. झाकणाचा ट्रे घेऊ का असं तुमच्या मनात येईल, घरात धुरळा कमी पसरतो पण आत अमोनिया कोंडतो, आणि झाकण काढून जो वाकतो त्याच्या तोंडावर सगळं एकदम येतं, चिंगी तर त्यातच बसलेली. उघडाच बरा. आणि गोळे संडासात टाकू नका, फुगून पाईप बसतो, कागदात गुंडाळून घंटागाडीत द्या.

चिंगीला आंघोळ घालायचं सुचवतील लोक, त्यानं प्रथिन कमी होतं पण दोन-चार दिवसांत परत तेवढंच, आणि मांजराचे हाल वेगळे. त्यापेक्षा ओल्या मऊ फडक्यानं तिचं अंग पुसा, तेही मिस्टरांनी.

चार आठवडे झाले तरी उलगडा झाला नाही तर टेस्ट करून घ्या, कातडीवर थेंब टाकून टोचून बघतात किंवा रक्तातनं, मांजर, माइट, बुरशी, परागकण हे त्यात कळतं. कातडीच्या टेस्टच्या आधी ॲलर्जीची गोळी काही दिवस बंद ठेवावी लागते, किती ते डॉक्टर सांगतील, रक्ताच्या टेस्टला तसं नाही. मातीच्या धुरळ्याची टेस्ट नसते, त्यामुळं सगळंच निगेटिव्ह आलं तर तुमचा त्रास खोटा ठरत नाही, उलट संशय धुरळा, वास, अमोनिया ह्यांच्यावर घट्ट होतो. आणि मांजर पॉझिटिव्ह आलं तरी लगेच घाबरू नका, पॉझिटिव्ह येऊनही फारसा त्रास नसलेली माणसं असतात, तुमची वही आणि टेस्ट दोन्ही शेजारी ठेवून डॉक्टर ठरवतील.

सासूबाईंबद्दल. त्यांना नातवाची छाती ऐकू येते आणि घरात नवीन काय आलं तर मांजर, त्यांचा हिशोब सरळ आहे आणि काळजीतनं आलाय, त्यांच्याशी भांडू नका. त्यांना सांगा की मुलाला डॉक्टरांकडं नेतोय, चिंगी त्याच्या खोलीबाहेर आहे, आणि महिन्याची मुदत मागून घ्या. पण कळंब्याकडं सोडणं ह्याला माझा ठाम विरोध आहे. घरात वाढलेलं मांजर तलावाकाठी काय खाणार, तिथल्या कुत्र्यांपुढं ते किती दिवस टिकणार, आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी पाळीव जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हेही त्यांच्या कानावर घाला. टेस्टमधे, औषधांनंतर, सगळं करून मुलाच्या डॉक्टरांनीच सांगितलं की ह्याला मांजर झेपणार नाही, तर मग मुलगा आधी, त्यात दुमत नाही, पण तेव्हाही तिला माहितीतलं घर शोधून, नसबंदी करून, मुलाला सोबत घेऊन जाऊन द्यायचं. तो भेटायला जाऊ शकेल असं घर.

जाऊबाई, नणंद वगैरे कुणी गरोदर घरात येणार असेल तर त्यांनी ट्रेला हात लावायचा नाही, ते ॲलर्जीमुळं नव्हे, टॉक्सोप्लाझ्मामुळं, म्हणजे मांजराच्या शीतनं येणारा, पोटातल्या बाळाला बाधू शकणारा जंतू, आणि रोजच्या रोज शी काढली तर तो धोका मुळातच कमी होतो कारण तो जंतू पसरण्याजोगा व्हायला एक दिवस तरी लागतो.

ह्या आठवड्यात मुलाचे डॉक्टर आणि तुमचे थेंब, ही दोनच कामं. डॉक्टरांकडनं आलात की कळवा काय म्हणाले, आणि दोन आठवड्यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवा, त्यात नवीन पाकीट फोडलं त्या दिवसाची वेळ तेवढी नक्की लिहा.